तनूला शाळेतून कोण आणणार

सोम. १० फेब्रु.
सौ. बोलत नाही. चौथा दिवस. ताट वाढते, तांब्या ठेवते, आत जाते. निरोप तनूच आणते. "बाबा, आई म्हणते अजून भाकरी हवी का."

चूक माझीच. एकदा लिहूनच टाकतो. गुरुवारी तनूला शाळेतून आणताना येवला रोडला रसवंतीवर थांबलो. चरकाची मोटार घुमत होती, उचलत नव्हती. कपॅसिटर गेलेला, ऐकूनच कळलं. तनूला म्हणालो, तू रस पी, मी आपल्या दुकानातून कपॅसिटर घेऊन आलोच. दुकानात आलो तर समोर रिवाइंडिंगला आलेली एक पाणबुडी मोटार, तारेनं अर्धी भरून पडलेली. वायर हातात घेतली. स्लॉटातून ओढायची, टर्न तोंडानं मोजायचे. तांब्यावर ऊन पडलं होतं. पुढं मला काही सांगता येत नाही.

सात वर्षांची पोर दीड तास बाकावर. शेवटी रसवंतीवाल्या मावशींनी तिच्या आयकार्डावरून सौ.ला फोन लावला. तनू रडली नव्हती म्हणे. विचारेल त्याला सांगत होती, "बाबा कपॅसिटर आणायला गेलेत."

रडली असती तर बरं झालं असतं.

मंगळ. ११
सौ. बोलली. दळण घेऊन आली, डबा खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच.
"दारू पीत असता तर सोडवता तरी आली असती. हे काय सोडवायचं?"
डॉक्टरला दाखवायचं. तोवर तनूला गाडीवर न्यायचं नाही, तिला घेऊन एकट्यानं कुठं जायचं नाही. जमत नसेल तर ती तनूला घेऊन वैजापूरला जाईल, माहेरी.
"धमकी न्हाई देत. मला भ्या वाटतं तुमचं."
आजवर कोणाला चापट मारली नाही मी. आणि माझं भ्या वाटतं. बरोबर आहे तिचं, हेच वाईट.

शनि. २२
नगरला जाऊन आलो. मेंदूचे का मनाचे, जे काय ते डॉक्टर. एसटीत कंडक्टरला तीनदा सांगून ठेवलं, नगर आलं की उठवा. तो म्हणाला, झोपलाय कुठं तुम्ही, टक्क जागे तर आहात. त्याला काय समजावणार.
राहुरीपर्यंत दोन्हीकडं ऊस. तुऱ्यांवरून ऊन सरकत होतं, गाडी उभी आणि रानच चाललंय असं वाटत राहिलं. किती छान वाटतं असं. कोणी काही विचारत नाही.
मॅडम वयानं लहान. पण घाई नाही. वस्तू हरवता का, मधेच बोलता का, सुरू केलेलं पुरं होतं का. मी म्हणालो, मॅडम, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? हसल्या. लहानपणाचं सांगणारं कोणी आहे का? आहे, आई. आणि जुनं प्रगतिपुस्तक सापडलं तर आणा.

सोम. २४
आईला विचारलं. शेंगा फोडत होती.
"तू? मोहरं बसायचास, पन नसायचास. हाका मारून घसा बसायचा माझा."
आणि आण्णा?
"तुझा बाप काय लई शाना हुता व्हय! बैलं आपली आपण घरी यायची, ह्ये पाटावर पाणी बघत उभं. मी जाऊन आणायची."
आणायची म्हणे! वैतागली नाहीस कधी?
"वैतागून कुठं जानार?" म्हणाली, आणि परत शेंगा.
सौ. आतून ऐकत होती. तिला वैजापूर आहे.
प्रगतिपुस्तक ट्रंकेत सापडलं, पाचवीचं. गुरुजींचा शेरा: हुशार आहे, लक्ष नसते. आठवीचंही निघालं, शेरा तोच. फक्त अक्षर वेगळं.

शनि. १ मार्च
मॅडमनी नाव सांगितलं. एडीएचडी. मोठ्या माणसांतही असतं, जन्मापासूनचं असतं. आळस नाही, माज नाही. ईसीजी काढला, बीपी बघितलं, गोळी लिहून दिली. अर्धी, सकाळी, खाऊन.
येताना बसमध्ये आनंद झाला आणि शिर्डीच्या पुढं रडू आलं. चाळीस वर्षं लोकांनी म्हटलं वेंधळा, आणि मी म्हटलं, बरोबर. मास्तरांचा मार, पॉलिटेक्निक सोडलं ते. हे कोणी तेव्हाच सांगितलं असतं तर... जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं. फार वाईट वाटलं.
सौ.ला कागद दाखवला. दोनदा वाचला. "मग आता?" एवढंच.

मंगळ. ४
गोळीचा दुसरा दिवस. सकाळी सव्वानऊपासून काहीतरी थांबलं. काय ते कळेना. मग कळलं, डोक्यात एका वेळी एकच बोलतंय.
पाणबुडीचे सगळे स्लॉट भरले. टर्न मोजायला भिंतीवर पेन्सिलच्या रेघा न मारता. बावीस म्हणजे बावीस.
तोंडाला कोरड. भूक नाही. डबा तसाच परत नेला, त्यावरून बोलणी खाल्ली. पण बोलणी! बोलली की.

शुक्र. १४
धुळवड. दुकान बंद. भीती होती की गोळीनं माझी नुसतं बघत बसायची दुपार जाईल. गेली नाही. पत्र्याच्या भोकांतून कवडसे पडले होते, एक हळूहळू तनूच्या पायावर चढला. आम्ही दोघं बघत बसलो. मग तिला तहान लागली आणि मी उठून पाणी आणलं. एका खेपेत. पाणीच आणलं.
सौ. दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

शुक्र. ४ एप्रिल
सगळं चांगलं नाही. संध्याकाळी गोळी उतरली की चिडचिड होते. काल तनूवर ओरडलो. गिऱ्हाइकाचा फोन करायचा राहिला. सौ. म्हणाली, गोळीनं माणूस बदलत नसतो वाटतं. मी म्हटलं, मॅडमही तेच म्हणतात, सवयी लावायच्या. "लावा मग." लावतोय.

मंगळ. १५
शाळा सकाळची झाली, बाराला सुटते. आज सौ. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता: "उद्या आमच्या अंगणवाडीच्या बायांची मीटिंग हाय अकराला. तनूला तुमी आणा."
मी हो म्हणालो.
दोन महिने झाले. पोर गाडीवर मागं बसणार, शर्ट धरणार.
दुपारी मेडिकलला गेलो. गोळी नाही. दुसऱ्याकडं नाही. तिसरा म्हणाला, वरूनच माल नाही, परवा या. पाकिटात आजची होती, ती सकाळीच घेतली.
सांगायचं नाही. एका दिवसानं काय होतंय? गजर लावीन, तीन लावीन. सांगितलं तर परत पहिल्यापासून.

बुध. १६
सांगितलं. ती साडीला पिन लावत होती.
"गोळ्या संपल्यात. बाजारातच नाहीत. आज घेतलेली नाही."
पिन तशीच हातात. मग म्हणाली, "हे आत्ता सांगताय?"
"काल सांगणार नव्हतोच."
नको म्हणाली नाही, आणा म्हणाली नाही. चपला घातल्या आणि गेली.
दुकान उघडलंच नाही. उघडलं तर संपलं. साडेदहापासून शाळेसमोर कट्ट्यावर बसलोय. डोकं चाळीस ठिकाणी जातंय. समोर कुणाच्या तरी वाड्यात बोअरची मोटार चालू आहे, आवाज बरा नाही तिचा. उठून बघावंसं फार वाटतंय. उठत नाही. म्हणून हे लिहितोय.
अकरा पन्नास. सौ. आलीय. रस्त्याच्या पलीकडं, झेरॉक्सच्या दुकानापाशी, तोंडाला स्कार्फ. मीटिंग सोडून आली असणार. राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो.
तिनं मला पाहिलंय. हात केला नाही. इकडंही येत नाही, निघूनही जात नाही.
शिपाई फाटकाकडं निघाला. वही ठेवतो.