फटकळ मावशीच्या मूळ पानाची व्यवस्था

मी, हिराबाई नामदेव तामोरे, वय अंदाजे अठ्ठावन्न, धंदा मासळीविक्री, राहणार नवापूर, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणी दटावलेले नसताना आणि ताडीचा थेंब पोटात नसताना हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहून घेणारे बळवंत गुरुजी, जे माझ्या मुलाला चौथीपर्यंत शिकवून दमले. पुढच्या सोमवारी मुंबईच्या इस्पितळात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेली नाही, पण होडी ढकलण्याआधी दोर तपासायची सवय आहे.

माझ्यामागे घरावरून किंवा सोन्यावरून कोणी भांडणार नाही, कारण दोन्ही थोडे आहे. भांडण एका कागदाचे आहे. तो कागद म्हणजे एका चित्रकथेचे हाताने काढलेले मूळ पान. ते मी आठ वर्षांपूर्वी सहा हजार रुपयांना घेतले, आणि तेव्हापासून माझा मुलगा महादू माझ्याशी कामापुरते बोलतो. ते पान त्याला द्यावे की त्याच्यापासून वाचवावे, हे ठरवायलाच खरे तर गुरुजींना बोलावले. बाकीची कलमे आधी उरकते.

कलम १. ग्रामपंचायतीत माझ्या नावावर असलेले दोन खोल्यांचे कौलारू घर, ओटा आणि मागची मासळी वाळवायची जागा महादूला मिळावी. पडवीच्या खोलीत रामकिसन राहतो. तो जालन्याकडचा, बोईसरच्या कारखान्यात कामाला, नऊ वर्षांपासूनचा भाडेकरू. तो स्वतः जाईपर्यंत त्याला कोणी काढू नये आणि भाडे वाढवू नये. शनिवारी तो मासळी खात नाही, एवढाच त्याचा दोष.

कलम २. माझ्या दोन पाटल्या मुलगी विजया हिला, जी केळव्याला दिली आहे. एकीला पोचा आहे. तो दाराच्या कडीने आला. जावयाने उगाच शंका काढू नये.

कलम ३. मागच्या कुंपणावरचा माड माझा आहे. शेजारीण काशीबाई वीस वर्षे त्याचे नारळ उचलते आणि विचारले की "वाऱ्यानं पडलं" म्हणते. वारा इतके निवडून पाडत नाही. तरी माझ्यामागे तो माड काशीबाईलाच द्यावा. माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या पोरांना तिने जेवू घातले होते.

कलम ४. आता पान.

सन १९७५ च्या थंडीत कृष्णकांत नावाचे चित्रकार केळव्याला कोणाच्या तरी वाडीत उतरले होते. तीन दिवस ते आमच्या किनाऱ्यावर येऊन होडीच्या सावलीत बसले. मी गिऱ्हाइकाशी भांडत होते ते त्यांनी पाहिले. नवरा नामदेव जाळे सांधत होता, त्याने त्यांना भाजलेला बोंबील दिला. पुढे सहा महिन्यांनी बोईसरच्या बाजारात वीजकेंद्राच्या वसाहतीतली एक बाई माझ्यासमोर थांबून म्हणाली, "अहो, तुम्ही फटकळ मावशी ना?" मला वाटले शिवी देते आहे. मी तिची पापलेटे परत टोपलीत टाकली. मग तिने साप्ताहिक उघडून दाखवले. नाक माझे, बोट माझे, कमरेवरचा हात माझा. दर आठवड्याला एक पान, अकरा वर्षे. कृष्णकांतांनी मला कोळीण केले होते; मी जातीने मांगेली आहे, धंदा तोच पण जात वेगळी, हे या निमित्ताने नोंदवून ठेवते. पण बोलणे मात्र बरोबर पकडले होते. चित्रातली मावशी कोणाला उधार देत नव्हती.

नामदेव १९७६ साली तापाने गेला. त्याचा फोटो नाही. बोईसरला जाऊन दोघांचा काढू, असे म्हणण्यात लग्नाची अठरा वर्षे गेली.

सन १९८६ मध्ये रामकिसन पेपर घेऊन ओट्यावर आला. "मावशी, दादरला व्यंगचित्रकारांचं संमेलन हाये. ते कृष्णकांत वारले ना, त्यांच्या घरच्यांनी मूळ पानं इकाया काढलीत. तुमचीच हायेत समदी." मला फक्त बघायचे होते. पोटाशी सात हजार बांधलेले होते, कारण परतताना वैतरण्याला उतरून महादूच्या होडीसाठी जुने इंजिन घ्यायचे होते. महादू तिथे स्टेशनवर वाट बघणार होता. तो अठरा वर्षांचा होता आणि वल्हे मारून त्याचे हात फुटलेले होते.

हॉलमध्ये दोरीला चिमट्यांनी पाने लावली होती. छापील अंकापेक्षा दुप्पट मोठी, निळ्या पेन्सिलीच्या खुणा तशाच, चुकले तिथे पांढरा रंग फासलेला, अक्षरे कापून चिकटवलेली. आणि एका पानाच्या चौथ्या चौकटीत नामदेव. अंकात तो नखाएवढा होता, कोण म्हणून ओळखू येत नव्हता. इथे वीतभर. जाळे सांधतो आहे, हसतो आहे, वरचा दात नाही. मी तिथेच उभी राहून रडले. एका माणसाने खुर्ची आणून दिली.

पाने बोलीने विकत होते. बोली मला शिकवायची गरज नव्हती. आमच्या बंदरावर बोली चढते ती मानापायी. पैसे चुकवताना विकणाऱ्याने पाचवा हिस्सा सोडायचा, ही रीत माझ्या सासूच्याही आधीची. ती कोणी बोलून दाखवत नाही. समोर एक सफारीवाला होता. तो पाच हजारांवर गेला, साडेपाचावर गेला. मी मनात धरले, सहा म्हटले तरी द्यायचे अठ्ठेचाळीसशे. बाकीच्यात पाटल्या गहाण टाकल्या की इंजिनही होईल. म्हटले सहा. सफारीवाला खाली बसला.

टेबलावर मी अठ्ठेचाळीसशे मोजले. तिथला माणूस चांगला होता, पण हसला. "मावशी, बोली म्हणजे बोली. इथे काही सुटत नाही."

"आमच्या बंदरावर सुटतं."

"हे बंदर नाही, हॉल आहे."

माघार घेता आली असती. रामकिसन कानाशी "सोडा मावशी, सोडा" म्हणत होता. पण शब्द गेला होता, आणि मी सोडले असते तर नामदेव त्या सफारीवाल्याच्या बैठकीत टांगला गेला असता. उरलेले बाराशेही मोजले. कायम कामगाराला तेव्हा महिना आठशे मिळत. पुढच्या वर्षी मी पुन्हा संमेलनाला गेले, दारातच विचारले, "पाचवा हिस्सा सुटतो का?" नाही म्हणाले. मग सरबत पिऊन परत आले.

वैतरण्याला महादू बाकावरून उठून पुढे आला. मी गुंडाळी दाखवली. त्याने ती हातात घेतली नाही. एवढेच म्हणाला, "आये, कागदावर होडी चालते काय?" इंजिनवाल्याने पंधरा दिवस थांबून इंजिन दुसऱ्याला विकले. महादू सहा वर्षे दुसऱ्याच्या होडीवर खलाशी राहिला. मी चुकले हे मला त्याच दिवशी कळले होते. पण मी फटकळ मावशी; चुकले म्हणायला माझी जीभ वळत नाही.

गेल्या दिवाळीत मुंबईहून एक व्यापारी येऊन त्या पानाचे पंचवीस हजार देतो म्हणाला. महादूने ऐकले आणि होडीकडे निघून गेला. बाप गेला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. विचारले तर मला काही आठवत नाही म्हणतो. ज्याला बापाचे तोंड आठवत नाही त्याला कागद तो कागदच. म्हणून सदर पान विजयाला द्यावे व महादूचा त्यावर काही हक्क राहू नये, असे मी सांगितले आणि गुरुजींनी लिहिले.

कलम ५. कलम ४ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. कारण पुढीलप्रमाणे.

गुरुजी म्हणाले, वस्तूचे वर्णन लांबी-रुंदीसह हवे. माळ्यावरची ट्रंक काढायला महादूला हाक मारली. मेणकापड त्यानेच सोडले, पट्टी धरायची म्हणून. आठ वर्षांत त्याने ते पान प्रथम पाहिले. लांबी सतरा इंच लिहून झाली, रुंदी तो सांगेना. मी म्हटले, "काय बघतोस, भाव?"

तो म्हणाला, "आये, बापूस डावखुरा व्हता."

चित्रात सुई उजव्या हातात आहे. कृष्णकांतांनी घरी जाऊन आठवणीने काढले असणार, आणि माणूस म्हटला की उजवाच हात आठवतो. त्यांना काय म्हणू? मी अठरा वर्षे त्याच्या शेजारी बसून जाळे सांधले, आठ वर्षे दर रविवारी हे पान उघडले, आणि मला दिसले नाही. मी त्याचा हात विसरले होते. हे सांगताना मला लाज वाटते.

"तुला कसं आठवतं?" मी विचारले.

"मी समोर बसायचो. सुई माज्या उजव्या अंगानं यायची. मी बी डावखुराच व्हतो, पयलीत गुरुजींनी छडीनं हात बदलला." इथे गुरुजींची लेखणी थांबली. मी म्हटले, लिहा, तुमचेही लिहा.

"आनि तोंड?"

महादूने पान उजेडाला धरले. "तोंड त्याचंच हाय. दात बी त्योच गेलेला." मग रुंदी सांगितली, बारा इंच, आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. पान घेऊन बसला.

सबब सदर पान महादूला द्यावे. त्याने ठेवावे किंवा विकावे. पंचवीस हजारांत नवे इंजिन येते आणि ते त्याचे माझ्याकडून राहिले आहे. कोणीही, विजयानेही, त्याला अडवू नये. महादू, मी चुकले. तोंडाने म्हणता आले नाही, म्हणून कलमात म्हणते.

कलम ६. पानात चूक आहे आणि छापील अंकांतही तीच आहे. दुसरीकडे कुठे नोंद नाही, म्हणून इथे करते, आणि माझी बाकीची कलमे कोणी मोडली तरी हे मोडू नये: नामदेव धाकू तामोरे, राहणार नवापूर, डावखुरा होता.

वरील मजकूर गुरुजींनी दोनदा वाचून दाखवला, मला समजला, कबूल आहे. याआधी मी कोणताही असा कागद केलेला नाही. अंमलबजावणी गुरुजींनी करावी. रामकिसनला कलम १ मध्ये लाभ असल्याने साक्षीला घेतलेले नाही. तो रागावला आहे.

सही: हिराबाई नामदेव तामोरे

साक्षीदार:
१. बळवंत गोविंद पाटील, निवृत्त प्राथमिक शिक्षक, नवापूर (सही)
२. जिवल्या धर्मा तांडेल, मच्छीमार, नवापूर (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: नवापूर
दिनांक: १३ नोव्हेंबर १९९४, रविवार