फोल्डरातले सतरा फोटो

मॅडम, आज बदलापूरच्या शाळेत आठवीच्या वर्गाला ब्राउझरची कॅश, म्हणजे बघितलेल्या पानांचा मशीनवरचा साठा, शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "मॅम, आपण बघितलेलं सगळं ब्राउझर ठेवतो कुठे?" फळ्याकडे न वळता मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, तुम्ही बसायचात तशी. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होतील.

सिंधी वस्तीतल्या कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या माळ्यावर तुमचा कॉम्प्युटर क्लास. मी तिथे नुकतीच शिकवायला लागले होते. एक सिंधी आंटी दर शनिवारी येऊन कोपऱ्यातल्या मशीनवर एकच पान उघडून बसायच्या. त्यांची मुलगी लहानपणीच वारलेली. घरातले अल्बम पुराच्या पाण्यात गेले होते, उरले होते ते तिच्या शाळेच्या साइटवरचे गॅदरिंगचे फोटो. त्या शनिवारी पान उघडेना. साइटच बंद झाली होती. मी सांगून मोकळी झाले, "आंटी, अब नहीं मिलेगा." त्या पुन्हा पुन्हा तेच पान उघडून बघत राहिल्या.

तुम्ही आतून आलात. "शोधलंस का?"

"नाही, पण साइटच..."

"मग नाही कशी म्हणालीस?" एवढंच बोललात. माझे कान तापले.

तुम्ही आधी ब्राउझर बंद केलात. "चालू राहिला तर नवीन भरत जाईल आणि जुनं टाकून देईल." मग लपवलेली फोल्डर दिसायला लावलीत आणि एकातून दुसऱ्यात उतरत कॅशच्या फोल्डरपाशी पोचलात. आत नुसत्या आकड्यांच्या नावांच्या शेकडो फायली. त्या सगळ्या दुसरीकडे कॉपी करून तुम्ही एकेक उघडत बसलात. डबा तसाच राहिला. दीड तासाने स्क्रीनवर घागरा घातलेली, पुढचे दात पडलेली एक मुलगी हसली. "यही है," म्हणत आंटींनी तिच्या गालावर बोट ठेवलं. स्क्रीनला बोट लागलं की ओरडणाऱ्या तुम्ही त्या दिवशी हूं की चूं केलं नाहीत.

सतरा फोटो मिळाले. आंटी अठरावा मागत होत्या, मुलीच्या हातात बासरी असलेला. तो सापडेना. तुम्ही मला विचारलंत, "सकाळपासून या मशीनवर कोणी बसलं होतं?" मी नाही म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत आणि पुन्हा पहिल्या फायलीपासून सुरुवात केलीत.

मी बसले होते, मॅडम. आंटी यायच्या आधी तासभर ब्लाउजच्या डिझाइन बघत होते. तो फोटो त्यामुळेच गेला का, मला माहीत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला.