हाजींच्या फोटोवर पडलेला उजेड

कंपुंग सुंगाई केलुबी,
मंगळवार, दुपार

सात भावंडांत थोरले म्हणून आदरणीय असलेल्या अबांग लोंग यांना, सातव्या नंबरच्या बुसूचा सलाम.

मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज आटोपून मोटरसायकलवरून घरी परतताना समोरच्या गाडीच्या दिव्यांनी ज्यांचे डोळे दिपतात, जे हँडल घट्ट धरून अल्लाचं नाव घेत कडेच्या गवतात उतरतात, आणि गाडी निघून गेल्यावर पुढची दोन मिनिटं हिरवे-जांभळे गोळे बघत जागच्या जागी उभे राहतात, अशा तमाम गावकऱ्यांना उद्देशून मी गेलं वर्षभर भाषणं करते आहे. आज त्यांतल्या एकालाच पत्र लिहिते, कारण गवतात पुष्कळजण उतरले, पण थेट कालव्यात उतरलेले तुम्ही एकटेच.

तुमच्या खांद्याचं हाड कसं आहे? हात झोळीतून बाहेर निघाला का? हसनीता तुम्हाला रोज तांदळाची पेजच देते असं कळलं. मुलीच्या घरी राहायचं म्हणजे मुलगी वाढेल ते खायचं, त्यात माझा काही इलाज नाही. इकडे तुमच्या दुरियानच्या झाडांनी या वर्षी कहर केला आहे. रोज पहाटे धप-धप आवाज येतात. पण फळ जमिनीला लागायच्या आत ते कोण उचलतं, हे गावात कुणालाच माहीत नाही (सगळ्या गावाच्या तोंडाला मात्र वास येतो). तुम्ही शपथ घेऊन गेलात, की आपल्याला आंधळं करून कालव्यात घालणारा तो ड्रायव्हर सापडेपर्यंत गावात पाऊल टाकणार नाही. तर आनंदाची बातमी ही, की तो सापडला. नाव पुढे सांगते. मधली पानं सोडून शेवट वाचू नका. तुम्ही वर्तमानपत्रसुद्धा मागून पुढे वाचता, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुमचा उजवा हात निकामी म्हणून पोलिसांतली तक्रार मीच लिहिली होती, आठवतं ना? तुम्ही एवढंच म्हणालात, की पांढरी छोटी गाडी होती, दिवे सूर्यासारखे होते, आणि पुढे जाताना ड्रायव्हरनं हात हलवला. बाकी साडेतीन पानं माझी. ‘निर्दय, बेजबाबदार आणि बहुधा अशिक्षित’ हे शब्द माझे. ‘माणसाला मरणाच्या दारात ढकलून वर हात हलवणारी ही वृत्ती’ हे वाक्यही माझंच, आणि त्याखाली मी दोन रेघा मारल्या. सार्जंट मुनियांडीनं ते वाचून विचारलं, “चिकगु, यात गाडीचा नंबर कुठे आहे?” (शाळा सोडून मला नऊ वर्षं झाली, पण सगळे अजून चिकगु म्हणजे बाईच म्हणतात.) मी म्हटलं, नंबर तुम्ही शोधायचा, वृत्ती मी शोधून दिली आहे.

पण गावात छोटी पांढरी गाडी कुणाकडे नाही? आपल्या देशात बनणारं ते एकच मॉडेल दर घरी आहे. आणि दर घरी त्या गाडीचे मूळचे पिवळट दिवे काढून त्या जागी डोळे फोडणारे पांढरे-निळे दिवे बसवले आहेत. कायदा किती साधा आहे, बघा. कारखान्यातून गाडी ज्या दिव्यांसह निघाली तेच दिवे ठेवा. बदलायचे तर आधी खात्याची परवानगी काढा. एवढा एक कायदा, पण आपल्या लोकांनी त्यातून जी वाट काढली ती बघून मला अभिमान वाटावा की लाज, हेच कळत नाही. गाडी विकायची झाली की तपासणी केंद्रात न्यावी लागते. मग त्या दिवसापुरते मूळचे दिवे बसवायचे, पास व्हायचं, आणि परत येताना वाटेतच पुन्हा ते सूर्य लावायचे. लग्नात सासूचे दागिने घालून मिरवावं आणि पाहुणे गेले की काढून द्यावेत, तसं. कुणाला विचारलं तर उत्तर एकच, “चिकगु, मला नीट दिसत नाही हो.” समोरच्याला दिसतं का, हे विचारलं की सगळे आकाशाकडे बघतात. ज्याला त्याला आपल्यापुरता उजेड हवा आहे, आणि तो दुसऱ्याच्या डोळ्यांत मारूनच हवा आहे. हे वाक्य मी समाजमंदिरातल्या भाषणात म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या गावप्रमुख हाजी दारुस यांनी वाजवल्या. त्यांच्या गाडीवर तर टपावरही दिव्यांची एक रांग आहे, जणू ते रात्री चंद्रावर उतरणार आहेत.

नुसत्या टाळ्यांवर मी समाधान मानणारी नाही. रस्ता समितीची अध्यक्ष म्हणून मी ठराव आणला, की शनिवारी दुपारी सार्जंट मुनियांडीच्या समोर सगळ्या गाड्यांची तपासणी व्हावी. जागा समाजमंदिराची. खिडक्यांना चटया लावून आत अंधार केला. गाडी दाराशी आणून उभी करायची आणि दिवे लावायचे. उजेड मागच्या भिंतीवर पडेल. त्या भिंतीवर, जिथे लग्नात नवरानवरी बसवतात त्या जागेच्या वर, हाजी दारुस यांचा मोठा फोटो टांगला आहे (तो त्यांनी स्वतःच भेट दिला). नियम मी असा केला, की उजेड फोटोच्या खाली राहिला तर पास आणि हाजींच्या चेहऱ्यावर पडला तर नापास. हाजींनाही हा नियम पसंत पडला. आपला चेहरा कायद्याची मर्यादा ठरतो म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही?

शनिवारी अकरा गाड्या आल्या, आणि अबांग, अकराच्या अकरा पास झाल्या. पहिली गाडी आली, मऊ पिवळा उजेड, हाजी अंधारात. दुसरी आली, हाजी अंधारात. माझा ऊर भरून आला. मला वाटलं, एका भाषणानं गाव सुधारलं. फक्त एक विचित्र होतं. दोन गाड्यांच्या मध्ये बरोबर वीस मिनिटं जात. सार्जंट तळलेली केळी खात बसला होता. त्याची तिसरी बशी झाली तेव्हा मी विचारलं, की पुढची गाडी अजून का येत नाही? हाजी म्हणाले, “लोक गाडी धुऊन आणताहेत, चिकगु. तुमच्याविषयी आदर आहे.” आदर असेल, म्हणून मी गप्प बसले. पण चौथी गाडी आली तेव्हा मला तिच्या डाव्या दिव्याच्या काचेवर एक हिरवा डाग दिसला, पालीएवढा, शेपटीसकट. पाचव्या गाडीच्या डाव्या दिव्यावरही पाल. सहाव्याच्याही. सातव्या गाडीला मी चष्मा पुसून बघितलं, आणि पाल तिथेच बसलेली होती.

त्या क्षणी मी बोलले नाही, ही माझी चूक. एकेकाला पकडण्यापेक्षा सगळ्यांना एकदम आणि सर्वांदेखत पकडावं, असा मोह झाला. अकरावी गाडी पास होऊन बाहेर पडली तशी मी उठले. दहा मिनिटं बोलले. आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण होतं ते, हे मी विनयानं सांगते. मी म्हटलं, आज इथे अकरा गाड्या आल्या आणि प्रामाणिकपणाची जोडी एकच, तीसुद्धा तासाच्या हिशोबानं फिरते. मग समाजमंदिरामागे ज्याचं गॅरेज आहे त्या बून हेंगला पुढे बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर अजून गरम होता.

“तौके शेठ,” मी म्हटलं, “सर्वांसमोर सांगा. ही दिव्यांची जोडी कुणाची?”

“राहू दे ना, चिकगु.”

“राहू देणार नाही. गावात कायद्याचा एकच माणूस उरला आहे ज्याच्याकडे मूळचे दिवे होते. त्याचं नाव गावाला कळू द्या.”

बून हेंगनं आमच्या शुक्रींकडे बघितलं. शुक्रींनी आपल्या चपलांकडे बघितलं. (माझा नवरा गेली एकतीस वर्षं अडचणीच्या वेळी चपलांकडे बघत आला आहे, मला तेव्हाच कळायला हवं होतं.)

“चिकगु,” बून हेंग म्हणाला, “गेल्या वर्षी तुम्ही फाटकाला हिरवा रंग लावला तेव्हा गाडी जवळच उभी होती ना?”

सभा इतकी शांत झाली, की बाहेर तुमच्या बागेत पडलेला दुरियान ऐकू आला. मी हसले. खरंच हसले. म्हटलं, माझी गाडी आत्ता आणा, म्हणजे ही बदनामी इथेच संपेल. शुक्रींनी गाडी दाराशी आणली. दिवे लागले. आणि हाजी दारुस असे उजळले, की त्यांच्या नाकावरचे मस सार्जंटनं शेवटच्या रांगेतून मोजले. छतावरची वटवाघळं उडाली. पहिल्या रांगेपासून सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले.

“मगरिबनंतर दिसत नाही, असं तू महिनाभर म्हणत होतीस,” शुक्री हळूच म्हणाले. “म्हणून मी बदलून घेतले. मग तुला दिसायला लागलं. तू म्हणालीस, गाजराच्या रसाचा गुण आला.”

अबांग, गाजराच्या रसाचे गुण या विषयावर मी महिला मंडळात दोन भाषणं दिली आहेत. निम्मं गाव आज तो रस पितं.

सार्जंटनं त्या दिवशी एकच पावती फाडली, आणि ती माझी. मी विचारलं, बाकीच्या अकरांचं काय? तो म्हणाला, “चिकगु, मी बघितलं तेव्हा त्यांच्या गाड्यांवर कायदेशीर दिवे होते. मी डोळ्यांना दिसेल तेच लिहितो.” हा मुनियांडी सातवीत माझाच विद्यार्थी होता आणि निबंधात नेहमी नापास व्हायचा. शनिवारी त्यानं दोन वाक्यांत माझी दहा मिनिटं पुसून टाकली.

आता ती पालीची जोडी पुन्हा माझ्या गाडीवर आहे, आणि मगरिबनंतर मला खरोखरच काही दिसत नाही, म्हणून मी मगरिबनंतर गाडी चालवत नाही. उपाय इतका सोपा होता. काल हाजी दारुस चार दुरियान घेऊन आले (वासावरून तुमच्याच झाडाचे, मी एक फोडून खात्री केली) आणि म्हणाले, गाडी विकायची आहे, गुरुवारी तपासणी आहे, चिकगु, तेवढ्यापुरते दिवे मिळतील का? मी म्हटलं, हाजी, त्या दिव्यांसमोर तुमचा चेहरा अंधारात राहतो, हे तुम्हाला शोभणार नाही. ते रागावून गेले. दुरियान मात्र ठेवून गेले.

तर थोरल्यांनी काळजी घ्यावी, पेज संपवावी आणि धाकटीवर लोभ ठेवावा.

तुमची,
बुसू

ताजा कलम. ड्रायव्हरचं नाव सांगायचं राहिलं, असं तुम्ही म्हणाल. राहिलं नाही, मीच पुढे ढकलत होते. तो बुधवार आठवा. मी त्या संध्याकाळी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांवरच्या सभेला निघाले होते आणि उशीर झाला होता. कालव्याच्या वळणावर समोरून मोटरसायकलवर एक म्हातारा आला आणि त्यानं हात उचलला. मला वाटलं, कुणा जुन्या विद्यार्थ्याचा बाप सलाम करतो आहे. मीही हात हलवला. आरशात बघितलं नाही. तुम्ही डोळ्यांवर हात धरला होता, हे मला शनिवारी हाजींचा फोटो उजळला तेव्हा कळलं, कारण सभेतल्या प्रत्येकानं तसाच हात धरला होता. त्या बुधवारच्या सभेत मी पाऊण तास बोलले. तुम्ही तेवढा वेळ कालव्यात होता.

आणखी एक. शुक्रींनी मला विचारलं, की भाऊच आहे, तक्रार मागे घ्यायला सांगूया का? मी त्यांना चपलांकडे बघायला लावलं. बून हेंगही म्हणाला, चिकगु, जाऊ द्या, कुणी बघितलं नाही. याच तीन शब्दांवर हे गाव चाललं आहे, आणि मी ते चालू देणार नाही.

शेवटचं. म्हणून सोमवारी सकाळी हसनीताला घेऊन तुमच्या घराजवळच्या ठाण्यात जा. मुनियांडी म्हणाला, तिथेही जबाब जोडता येतो. तुमच्या तक्रारीत नंबराची जागा अजून रिकामी आहे, तिथे ‘ए एच एन ४१७६’ असा माझ्या गाडीचा नंबर लिहा, आणि मग शपथ फिटली म्हणून दुपारची बस धरून घरी या. शुक्री उजेडातच घ्यायला येतील. ‘निर्दय’ राहू द्या, ‘बेजबाबदार’ही राहू द्या, ते मी लिहिलं आणि ते मला लागू आहे. फक्त एकतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईची लाज राखायची असेल, तर तेवढा ‘अशिक्षित’ शब्द खोडा, आणि त्यावर सही करा.