नव्या कॅमेऱ्याची हिरवी चौकट

बाबा, लेकीने मला सकाळी सांगितलंय, नवा कॅमेरा कसा वाटला ते पानभर लिहून दे, आणि तेव्हापासून मी चार वेळा टेबलावरून उठले आहे. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा गच्चीचं दार लावायला, एकदा ते पुन्हा उघडायला, आणि एकदा तर कशाला उठले तेच स्वयंपाकघरात जाऊन विसरले. पाचव्यांदा बसले ती तुम्हाला लिहायला. तुम्ही गेलात तेव्हा ती सव्वा वर्षाची होती, तुमचा चष्मा ओढायची. आता माझ्याबरोबर लग्नांचे फोटो काढते, आणि नेटवर लोकांना कॅमेऱ्यांबद्दल सल्लेही देते. हा कॅमेरा बाजारात येऊन महिनाही झालेला नाही, त्यामुळे तो हातात पडलेल्या माणसांचं मत लोकांना हवं असतं म्हणे. "तुझं नाव असलं की लोक विश्वास ठेवतात," म्हणाली. तिथेच तर सगळी पंचाईत आहे.

कारण माझे डोळे चाललेत. सरळच सांगते, तुम्हाला आडवळणाचं बोलणं कधी आवडलं नाही. गेल्या दिवाळीपासून उजवा, त्याच्या मागोमाग डावा. डॉक्टर म्हणतात पडद्याच्या मधोमध बिघाड आहे. इंजेक्शनं घेतली तर आहे तेवढं टिकेल, पूर्ण अंधार व्हायचा नाही, कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे ज्याच्याकडे बघावं नेमकं तेवढंच दिसत नाही. माणूस समोर आला तर त्याचे कान दिसतात, शर्टाची कॉलर दिसते, आणि तोंडाच्या जागी ओल्या पाटीवरून बोट फिरवल्यासारखं काहीतरी. हे पत्रसुद्धा जाड स्केचपेनने लिहिते आहे, एका पानावर दहा ओळी, निम्म्या सवयीने. घरात आम्ही दोघीच असतो, तुमचे जावई नोकरीसाठी कोट्याला. लेकीला आणि त्यांना, दोघांनाही यातलं काही माहीत नाही. परवा गोपालपुऱ्याला एक लग्न आहे, मुख्य कॅमेरा माझ्याकडे. लेकीला सांगितलं तर माझं काम संपलं. नाही सांगितलं तर कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं वाटोळं होईल. असं आहे.

कॅमेऱ्याबद्दल लिहायचं तर पुष्कळ आहे. हलका आहे, तुमच्या जुन्या कॅमेऱ्याच्या, त्या लोखंडी गोळ्याच्या, निम्माही नाही. आत आरसा नाही, त्यामुळे बटण दाबलं की खाड्कन आवाज होत नाही. काहीच होत नाही. पहिल्या दिवशी मी दोनशे फोटो काढले आणि एकही निघाला नसेल अशी धास्ती घेऊन बसले. लेक हसली, म्हणाली, "आई, मतलब, खोटा आवाज लावून देऊ का? सेटिंगमध्ये आहे." मी नको म्हणाले आणि मग दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. आरसा नसल्याने लेन्स बदलताना आतला भाग उघडा पडतो, आणि आपल्या जयपूरची धूळ तुम्हाला माहीतच आहे, ती आमंत्रणाची वाट बघत नाही. बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. पण खरी गोष्ट ती चौकट. एक लहानशी हिरवी चौकट येते आणि माणसाचा डोळा शोधून त्याच्यावर जाऊन बसते. माणूस वळला, धावला, गर्दीत शिरला तरी ती सोडत नाही. फोकसची रिंग फिरवायची नाही, डोळे बारीक करायचे नाहीत. बाबा, ज्या दिवशी मी ती चौकट पाहिली, म्हणजे कडेने तिचा हिरवा रंग पाहिला, त्या दिवशी मला इतकं हायसं वाटलं की मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वाटलं, अजून पाच वर्षं निघतील.

तुम्हाला हे आवडलं नसतं. सांगलीहून तुमची विमा कंपनीने इथे बदली केली ती तीन वर्षांसाठी, आणि तुम्ही शास्त्रीनगरच्या या घरात जन्म काढलात. रविवारी दुपारी आईला एकच्या आत स्वयंपाक उरकावा लागायचा, कारण मग स्वयंपाकघर तुमचं. खिडकीला दोन रजया टांगलेल्या, लाल दिवा, ओट्यावर तीन ट्रे, आणि आई बाहेरून ओरडतेय, "आमटीला त्या औषधाचा वास आला तर मी जेवणार नाही, तुम्हीच जेवा." मी ट्रे हलवते आहे, कागदावर हळूहळू आईचा चेहरा उमटतो आहे. तो मी काढलेला पहिला फोटो. तुम्ही तो चिमट्याने उचलता, दिव्याजवळ नेता, आणि म्हणता, "नाक छान आलंय. नथ तर फारच छान. डोळे कुठे टाकलेस?" मी अकरा वर्षांची, मला रडू आलं. तुम्ही तो फोटो फाडला नाहीत, आईलाही दाखवला नाहीत, फक्त परत कॅमेरा माझ्या हातात दिलात. रिंग फोकसच्या पुढे ने, धूसर होऊ दे, मग मागे ये, जिथे डोळ्याच्या पापण्या मोजता येतील तिथे थांब. त्या दुपारी तुम्ही माझ्याकडून हे पन्नासदा तरी करून घेतलंत. आई तोवर खुर्चीत बसूनच झोपली. बारावीनंतर तोच कॅमेरा तुम्ही मला देऊन टाकलात, वर म्हणालात, "आता माझ्याकडे मागायला येऊ नकोस." जणू मागत तुम्हीच येणार नव्हता. पुढच्याच रविवारी आलात.

आणखी एक दिवस मला हल्ली सारखा आठवतो. कपड्याच्या एका गोदामाला आग लागली होती, नुकसानीचे फोटो घ्यायला तुम्ही निघालात आणि शाळेला सुट्टी म्हणून मला स्कूटरवर मागे बसवून नेलंत. भिंती काळ्या, पायाखाली ओली राख. गोदामाचा मालक तुम्हाला काय काय जळालं ते दाखवत होता आणि दाखवता दाखवता मध्येच भिंतीला हात लावून रडायला लागला. तुम्ही कॅमेरा खाली केलात. माझ्या हातात दुसरा, छोटा कॅमेरा होता, तो मी डोळ्याला लावला, तर तुम्ही इतक्या जोरात माझा हात दाबलात की संध्याकाळपर्यंत वळ होता. तो माणूस तोंड धुवायला गेल्यावर तुम्ही भिंतीचे फोटो काढलेत. परतताना सिग्नलला थांबून म्हणालात, "विम्याला भिंत लागते. माणूस लागत नाही." पुढे पंचवीस वर्षं लग्नांचे फोटो काढले मी, पाठवणीला बायका ऊर फुटून रडतात, त्यांचे फोटो त्यांनाच हवे असतात, ते काढते. पण कोपऱ्यात जाऊन, कोणी बघत नाही असं समजून रडणाऱ्या माणसाचा फोटो मी एकदाही काढला नव्हता. निदान हे एक तरी तुमचं मी पाळलं, असं वाटायचं.

मागच्या आठवड्यात बस्सीला लग्न होतं. सकाळी आठला पाठवणी, छान कोवळं ऊन, तुमच्या भाषेत सांगायचं तर फुकटचा स्टुडिओ. नवरी गाडीकडे निघाली, तर तिच्या चुलतीने तिची ओढणी पुढे ओढून पार हनुवटीखाली आणली. इकडे तसंच असतं, सासरच्या माणसांसमोरून जायचं तर घूंघट. मी बटण दाबून धरलं. कडेने हिरवं दिसलं, म्हटलं, बसली चौकट, आता काळजी नाही. आता तुम्हीच सांगा, ओढणीच्या आत डोळा कुठून सापडणार त्या यंत्राला? त्याने दुसरा शोधला. नवरीच्या मागे तिचे वडील इकडच्या रिवाजाप्रमाणे गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवून उठत होते, चौकट त्यांच्या डोळ्यावर जाऊन बसली आणि सोळा सेकंद तिथेच राहिली. सगळे फोटो तसे, हे मला मागाहून लेकीच्या बोलण्यातून कळलं. पुढे नवरी म्हणजे लाल धुकं, आणि मागे तो बाप, हुंदका बाहेर पडू नये म्हणून डोक्यावरच्या साफ्याचं टोक दातांत धरलेला, एक हात नारळ ठेवताना लागलेल्या मातीने अजून भरलेला. तुमच्यासारखा, शिकवलेला, चांगली नजर असलेला कोणीही असता तर पहिल्याच फोटोला त्याच्या लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं.

लेक घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो बघत होती, तिने किंचाळून मला बोलावलं. मला वाटलं, संपलं, पकडले गेले. तर ती म्हणते, "आई, काय शॉट आहे यार! दुल्हनला सोडून तू बापावर थांबलीस. मतलब, हे मला कधीच सुचलं नसतं." मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "अनुभवाने येतं." जीभ झडली नाही माझी. मग तिने तो मुलीकडच्यांना पाठवला, तिथल्या बायका रडल्या, मुलीच्या मामाने फोन करून माझं कौतुक केलं. आता आज पाचला ती तो नेटवर टाकणार आहे, माझ्या पानभर मताच्या वर. कॅमेरा फोकस करतो, पण कोणावर करायचा ते माणसाची नजर ठरवते, असं काहीतरी खाली लिहिणार आहे. त्यासाठीच माझं पान हवंय.

आणि बाराच्या सुमाराला त्या वडिलांचाच फोन आला. खूप वेळ नुसतेच हां, जी, मैडमजी करत राहिले. मग म्हणाले, "मैडमजी, मुझे तो पता ही नहीं था कि आप मुझे देख रही हैं. मैं तो समझा सब बाई को देख रहे हैं." इकडे लेकीला बाई म्हणतात. ते म्हणाले, फोटो हटाना मत, एक बड़ा बनाके मुझे दे देना, मैं अलमारी में रखूँगा. बस और किसी को मत दिखाना. मी हो म्हणाले, फोन ठेवला, आणि तेव्हापासून हे उठणं-बसणं आणखीच वाढलं आहे. त्यांना मी कसं सांगणार होते, की काका, तुम्हाला कोणीच बघत नव्हतं?

लेक आत्ता आली होती, मी हे वरचं लिहीत असतानाच. कागद मी पालथा घातला.

"झालं? पाच वाजायला आले."

"तो फोटो टाकू नकोस. त्या मुलीच्या वडिलांचा फोन होता, कोणाला दाखवू नका म्हणतात."

"अगं पण तोच तर बेस्ट आहे!" मग म्हणाली, "ठीक आहे. नाही टाकत. पण आई, मग तू काढलासच का? तू तर मला असे काढू देत नाहीस."

मी तिला बस म्हणाले. बसली नाही, उभीच राहिली. म्हटलं, "त्या फोटोत काय काय दिसतं ते मला परत एकदा सांग. सावकाश. साफ्याचं टोक कुठल्या बाजूने धरलंय त्यांनी?"

"तूच काढलायस ना?"

"काढलाय," मी म्हणाले. "पाहिला नाही. मला दिसत नाही."

तिला आधी वाटलं मी चष्म्याबद्दल बोलते आहे. मग तिला कळलं. ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली, आणि बाबा, ती रागावली आहे की रडते आहे ते मला कळेना. तिच्या कानातल्या चांदीच्या रिंगा दिसत होत्या, त्या हलत होत्या. मग तिचा हात माझ्या गालाला लागला आणि तो ओला होता. परवाच्या लग्नाला मुख्य कॅमेरा ती घेणार आहे. ते ती एका वाक्यात ठरवून मोकळी झाली, तुमच्यासारखीच आहे. आत्ता आत जाऊन डॉक्टरांशी बोलते आहे, हिंदीतून, खूप भराभर.

पत्र पाठवायचा प्रश्नच नाही, कपाटात तुमच्या जुन्या निगेटिव्ह्जच्या डब्यात घालून ठेवीन. फक्त एक दुरुस्ती. तिने विचारलं, कधीपासून? मी म्हणाले, दिवाळीपासून. तुम्हालाही वर तेच लिहिलंय. पण दिवाळीला रांगोळीशेजारी उभं करून मी तिचा फोटो काढला, तेव्हाही तिच्या पिवळ्या ओढणीवरून ती आहे एवढंच मला कळलं होतं. तिचं तोंड मी शेवटचं नीट कधी पाहिलं, ते मला आठवत नाही.