अण्णांची वॉरंटी

बार्शी,
४ मार्च २०२४

चि. अभिमन्यू यास आबादादाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

इकडील सर्व क्षेम, असे लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिले. वस्तुतः काल दुपारी पोस्टमनने बँकेची नोटीस हातात दिली, तेव्हापासून या घरात क्षेम म्हणून काही उरलेले नाही. तुझी वहिनी तव्यावरची भाकरी विसरली आणि ती करपलेली भाकरी मी मुकाट्याने खाल्ली. माझी अवस्था ओळख.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू टेन्शन घेऊ नका एवढेच म्हणतोस आणि मला जास्तच घाम फुटतो. लिहिताना तरी माणसाला वाक्य पुरे करावे लागते.

अण्णांनी जाताना आपल्या फवारणी पंपांच्या कंपनीत मला थोरला मुलगा म्हणून नावापुरता संचालक करून ठेवले. तू पाठवशील तिथे सही करायची आणि दिवाळीला पेढे खायचे, एवढेच माझे संचालन. पुण्याच्या कंपनीबरोबर तू बॅटरीचे पंप काढायला तिसरी, सामाईक कंपनी उभारलीस, तेव्हा निम्मे त्यांचे नि निम्मे आपले, असे तूच सांगितले होतेस. मग त्या सामाईक कंपनीचे सगळेच्या सगळे कर्ज बँक आपल्याकडे कसे मागते? नोटीस चष्मा पुसून पुन्हा वाचली. मजकूर बदलला नाही.

तुझ्या नावावरून थट्टा करायचा मोह आवरतो आहे. प्रसंग केवढा गंभीर आहे ते त्यातच आले.

सविस्तर लिही. रेश्माला आशीर्वाद सांग. तुजवरचा लोभ नोटिशीने कमी होणारा नव्हे.

तुझा,
आबासाहेब


सोलापूर,
९ मार्च २०२४

ती. आबादादा यांस, अभिमन्यूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र रेश्मानं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मी उठून पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो. दादा, मी पण हादरलोय.

निम्मं होतं ते नफ्यातलं. कर्ज देताना बँकेनं दोन्ही कंपन्यांकडून हमी लिहून घेतली, आणि ती दोघांचीही पुरी. एकानं हात वर केले की सगळं दुसऱ्याच्या अंगावर. पुणेकरांची कंपनी बुडाली. मला वाटलेलं, हमी म्हणजे लग्नात साक्षीला उभं राहतात तसं. नाव आपलं, संसार दुसऱ्याचा.

पण सामाईक कंपनीचा पैसा आटला कशानं, ते सांगायला लाज वाटते. पंपाला वॉरंटी एका वर्षाची. अण्णांची रीत तुम्हाला ठाऊक आहे की. पंप दुरुस्त करून दिला की कार्डावर नवी तारीख घालायची, म्हणजे वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू. अण्णांच्या वेळी गिऱ्हाईक ओळखीचं आणि थोडं. मी मात्र करारातच अभिमानानं घातलं की दुरुस्ती सोलापूरच्या रीतीनं होईल. पुणेकरांना वाटलं, रीत म्हणजे चहापाणी असेल. आता करमाळा, माळशिरस, सगळीकडून पंप येतात, नवी तारीख घेऊन जातात आणि वर्ष भरायच्या आत परत येतात. फुकटच्या दुरुस्तीत सामाईक कंपनी रिकामी झाली आणि हप्ते थकले.

आपल्या गुरप्पा फिटरला म्हटलं, नव्या तारखा घालणं थांबव. तो म्हणाला की मालकांनी शिकिवलंय ते म्या कसं मोडू, तुमीच कार्ड फाडा की. मला फाडवेना.

रागवा, पण लोभ सोडू नका.

तुमचा,
अभिमन्यू


बार्शी,
१५ मार्च २०२४

चि. अभिमन्यू यास अनेक आशीर्वाद.

अमरत्वासाठी देवांना समुद्र घुसळावा लागला. तू ते फवारणी पंपाला कार्डावरच्या तारखेने देऊन टाकलेस! पत्र वाचून मी किती वेळ पायरीवर बसलो होतो, ते वहिनीला विचार.

माझी जुनी विद्यार्थिनी संस्कृती इथे वकिली करते. कागद घेऊन तिच्याकडे गेलो. ती म्हणाली की हमी कंपनीची आहे, संचालकांची नाही. शेड जाईल, यंत्रे जातील, घरांना धक्का नाही. मी सुटकेचा श्वास घेतला, तोच ती त्याच सुरात म्हणाली की कंपनी बंद पडल्यावर त्या कार्डांचे ओझेही तुमच्या डोक्यावर राहणार नाही. कार्डवाल्यांनी घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे राहायचे, आणि तिथवर काही उरत नसते. सर, तुम्ही मोकळे, असे ती हसून म्हणाली.

अभी, नोटिशीने हादरलो नव्हतो इतका मी त्या ‘मोकळे’ने हादरलो. अण्णांच्या शब्दावर पंप नेलेली ती सगळी माणसे, आणि आपण मोकळे! पण तुझी उभ्या जन्माची मेहनत जाते आहे. तुला आणखी ओझे उचल म्हणायचा अधिकार मला नाही. मला तर साधा स्क्रूही पिळता येत नाही. तू ठरवशील ते मला मान्य.

जेवण वेळेवर कर. लोभ आहेच, तो वेगळा मागायला नको.

तुझा,
आबासाहेब


सोलापूर,
२४ जुलै २०२४

ती. आबादादा यांस, शि. सा. न. वि. वि.

परवा बँकेनं शेडला कुलूप लावलं. मला एका वर्कशॉपात सुपरवायझरची नोकरी मिळालीय, तेव्हा चुलीची काळजी नाही. कार्डांचं मात्र मी मनात ठरवलं होतं की झालं ते झालं, आता मोकळं व्हायचं. तुम्हाला तसं लिहिणारही होतो.

काल शेवटचं सामान न्यायला गेलो तर फाटकाशी करमाळ्याकडची केराबाई उभी. एसटीनं आलेली, डोक्यावर पंप, कापसावर कीड पडलेली. मी तिला नीट समजावलं की कंपनी बंद झाली, हे कार्ड आता कुणाचंच नाही. तिनं कुलपाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली की कुलूप लागंना का, तुमी हितं हाय न्हवं, पंप कुटं ठिवू?

दादा, वकील, बँक, पुणेकर, सगळ्यांना जे कळलं ते तिला कळतच नव्हतं. का मलाच कळत नव्हतं, कोण जाणे. गुरप्पानं काही न विचारता सायकलच्या पिशवीतून पाने काढले. फाटकाबाहेर जमिनीवर बसून आम्ही पंप उघडला, दुरुस्त केला. तिनं कार्ड पुढं केलं. मी तारीख घातली आणि खाली सही केली. कंपनीची नाही, माझी स्वतःची. या हमीतून संस्कृती वकील पण मला सोडवू शकणार नाही.

रेश्माला सांगितलं तेव्हा तिनं उठून घरभर नजर फिरवली. मग म्हणाली की असे पंप येत राहिले तर सोफा विकावा लागेल, जागा कुठंय घरात.

सोफा आज सकाळी गेला.

वहिनींना नमस्कार. तुमचे आशीर्वाद आणि लोभ दोन्ही लागतील, लई लागतील.

तुमचा,
अभिमन्यू