आनंदवल्लीपुरमच्या देवळाला दार

॥ श्री ॥

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
पंगुनी महिना, रविवार सकाळ

चि. मुरलीकृष्ण यास चिदंबरमामाचे पोटभर आशीर्वाद.

तू माझा भाचा, म्हणून आशीर्वाद लिहिले. पण एका नदीचा, एका टेकडीचा आणि तिथल्या सगळ्या माणसांचा तू निर्माता आहेस, म्हणून मनात नमस्कारही केला आहे. दोन्ही पोचले असे समज. कोइंबतूरची हवा मानवते ना? तुम्ही मित्र ज्या खोलीत बसून खेळ घडवता, तिला खिडकी आहे का? अक्काचा गुडघा कसा आहे? (अक्का, हे तूच वाचत असणार, कारण तुझ्या मुलाला देवनागरी वाचता येत नाही. स्तोत्राच्या सुरात वाचू नकोस, तो झोपेल. आणि गुडघ्याला तेल लाव.)

खेळ अजून पुरा झालेला नाही, खेळून पाहा आणि काय बिघडते ते कळवा, असे तू पोंगलला लॅपटॉप देताना म्हणाला होतास. कळवण्यासाठी इंग्रजीत एक चौकटही ठेवली आहेस. तिच्यात माझे मावत नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवातीला तुझ्या खेळात नुसता रिकामा नदीकाठ असतो. धरणाचे पाणी सोडल्यावर तिरुवैयारूला कावेरी पहिल्या दिवशी येते ना, जरा बिचकत, वाळू चाचपत, तशी ती नदी. मी बरेच दिवस काही बांधलेच नाही. स्नानसंध्या आटोपून समोर बसायचे आणि पाहायचे. ढगाची सावली पाण्यावरून जाते, पलीकडच्या काठाला लागते आणि थोड्या वेळाने पुन्हा अलीकडून निघते. (ढग एकच आहे हे नंतर लक्षात आले. काटकसर चांगलीच.) घरे बांधा, लोक वाट पाहत आहेत, अशी पाटी सारखी येत होती. पण देवळाच्या आधी घर कसे बांधायचे? तुझ्या यादीत देऊळ शोधले तर ते सापडले शोभेच्या वस्तूंत, कारंजे आणि बाकडे यांच्या मध्ये. मुरली, मी रागावलो नाही. देव कुठेही बसतो. मी ते उचलून टेकडीखाली ठेवले आणि गावाचे नाव लिहिले आनंदवल्लीपुरम. तुझ्या पाटीवर त्यातले ‘आनंद’ एवढेच मावले. तेही पुरेसे आहे.

मग देवळाभोवती चार रथवीथी आखल्या, आणि कोणाच्या हातून चुकूनही उलटी प्रदक्षिणा होऊ नये म्हणून चारही रस्ते एकेरी केले. होडीतून माणसे उतरली, पाठीवर बोचकी, प्रत्येकाला बेताची सावली. ती रस्त्याला लागली आणि देवळाभोवती फिरू लागली. शेतकरी खांद्यावर कुदळ घेऊन, गवळी गायीसकट. शेतात भात पिकून वाकला आणि हे फिरतच होते. मला किती बरे वाटले म्हणून सांगू! इतके भाविक गाव तंजावूर जिल्ह्यात आता कुठे राहिले आहे?

त्यावर तुझा फोन आला तो आठवत असेल.

“मामा, ती माणसं अडकलीत. बग आहे तो.”

“अडकलीत कुठे रे? प्रदक्षिणा घालतायत.”

“त्यांच्या डोक्यावर लाल खूण दिसते ना? भूक लागलीय त्यांना.”

“एकादशी असेल.”

“मामा, वर्षभर?”

 तेवढ्यात तुझी मामी धनलक्ष्मी, जिने तोवर लॅपटॉपला बोटही लावले नव्हते, ओला हात पदराला पुसत आली. “अहो, देवाला फिरणाऱ्यांना वाटेत कोणी घासभर देतं की नाही? की तुमच्या गावात सगळे फक्त पुण्यच खातात?” असे म्हणून तिने माझ्या हातातला माउस काढून घेतला आणि कोपऱ्यावर खानावळ बसवली. पुढे त्याच कोपऱ्यापासून शेताकडे एक लहानशी वाट काढून दिली. माणसे एक फेरी घालीत, जेवीत, कामाला जात, संध्याकाळी परत येऊन पुन्हा एक फेरी घालीत. मला ती वाट सुचली नव्हती. (हे तिला सांगितलेले नाही. अक्का, तूही सांगू नकोस.) तेव्हापासून रोज दुपारी खानावळीतला तांदूळ पाहून जाण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले आहे.

आता बिघाड. पाऊस छपरातून आरपार पडतो, पण कोणी भिजत नाही. नदीत मासे नाहीत, तरी एक म्हातारा गळ टाकून बसतो आणि समाधानी दिसतो. घाटावर एक बाई हंडा भरून डोक्यावर ठेवते आणि निघून जाते. हंडा मात्र हवेत तिथेच राहतो. दुसऱ्या सकाळी ती येते आणि नेमकी त्याच्या खाली येऊन उभी राहते. हा बिघाड दुरुस्त करायचा असेल तर सावकाश कर, घाई नाही. ऑफिसातून येताना मी मोठ्या देवळाच्या प्राकारात थोडा वेळ टेकतो. दगड दिवसभराचे ऊन हळूहळू सोडत असतात, वर पोपट कलकलत असतात, आणि मला वाटते की आपलेही गाव असेच अर्धे झालेले असेल. वापरून पाहा, काय बिघडते ते कळवा, म्हणून कोणीतरी ते आपल्या हाती दिले असेल. आणि आपण नुसते नवस बोलत राहिलो. बिघाड नीट लिहून कोणी कळवलेच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आमच्या देवळाला दार नाही. दाराच्या जागी दाराचे चित्र आहे. तू म्हणालास, उघडणारे दार नव्या आवृत्तीत येईल, पुढच्या महिन्यात, चित्रैत. मला आनंद झाला आणि मी पुजारी नटराज गुरुक्कळांकडे देऊळ उघडायच्या कुंभाभिषेकाचा मुहूर्त काढायला गेलो. त्यांनी गावाचे नाव विचारले, नदी कोणत्या दिशेला वाहते ते विचारले, मूर्तीचे तोंड कुठे आहे ते विचारले. गाव आहे कुठे, एवढेच विचारले नाही, म्हणून मीही बोललो नाही. मुहूर्त निघाला त्याच्याही पुढच्या महिन्याचा, वैकासीचा. घरी येतो तो तुझा निरोप: जुनी गावे नव्या आवृत्तीत उघडणार नाहीत, पुसली जातील.

मुरली, म्हणजे दार येईल तेव्हा गाव नसेल, आणि गाव आहे तोवर दार नसेल. त्या माणसांनी इतक्या फेऱ्या घातल्या, त्या एका चित्राभोवती. त्यांना एकदा आत डोकावता यायला नको का? तुम्ही सगळे हुशार आहात. जुन्याच आवृत्तीत एक दार बसवून दे, साधे चालेल, कडी नसली तरी चालेल. ते जमत नसेल तर नवी आवृत्ती वैकासीपर्यंत थांबव. मुहूर्त काही हलवता येत नाही.

इकडे सर्व क्षेम आहे. वेळेवर जेवत जा.

तुझा,
चिदंबरमामा

ता. क. वरची विनंती आता रद्द समजावी. मी पाकीट शोधत होतो, तेवढ्यात धनलक्ष्मी तांदूळ पाहायला बसली. पडद्यावर हिरवे बटण आले. फोनवर हिरवे आले की उचलायचे, हे आपण सर्वांनीच तिला शिकवले आहे. कोणीतरी बोलावते आहे असे वाटून तिने दाबले. तुझी नवी आवृत्ती महिनाभर आधीच आली, हे तू कळवायला हवे होतेस. आता तिथे रिकामा नदीकाठ आहे. ढग तीन झाले आहेत. पत्र फाडले असते, पण वर श्री लिहिले आहे, फाडवत नाही. पाकीट राहू दे, पानांचे फोटो काढून अक्काच्या फोनवर पाठवतो.

पुन्हा ता. क. (अक्का, हे सावकाश वाच.) तिने दुपारपासून तोंडात काही घातलेले नाही. “एवढी माणसं होती हो, जेवायच्या वेळेला,” एवढेच म्हणते. ती नुसती चित्रे होती, असे मी म्हणून पाहिले. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उठून अंगणात गेलो. घर एवढेसे, तिच्यासमोर फोनवर हे तुला सांगता येत नाही. म्हणून मुरली, हे वाचून होताच तूच मामीला फोन कर आणि सांग की गाव तू पुसलेस, कोइंबतूरहून, बटण तिने दाबले नसते तरी गेलेच असते. हे खोटेही नाही. तिने चार शब्द सुनावले तर ऐकून घे. जग घडवणाऱ्याच्या माथी बोल लागायचाच. आम्ही देवाला रोज लावतो, आणि तो मुकाट्याने ऐकतो म्हणून तर आम्हाला घास गिळता येतो.