गजावरचं मीठ

४ एप्रिल
बोंबील वाळत घालायचे सोडून बायका आमच्या ओट्याशी उभ्या! उन्नती चेलो वाजवत होती. सतरा वर्षांची माझी पोर, गुडघ्यांत ते माणसाएवढं वाद्य, डोळे मिटलेले. काशीबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "काय वाजवलंन ता कललां नाय गो, पन आतवर गेलां." माझी छाती फुगली. वरून मात्र ओरडले — मांजर बोंबील नेतंय, तिकडे बघा!

११ एप्रिल
शनिवार. चेलो रिक्षात कोंबून उमरोळीला गेली. तिथल्या नऊ पोरांना फुकट शिकवते. सपना नावाच्या मुलीला आज पहिला सूर लागला, तर ही घरी येऊन नाचली! स्वतःच्या बक्षिसालाही इतकी हसली नव्हती. कुठून आणते एवढी माया?

१३ एप्रिल
कुंदन सरांचा फोन. बोईसरला तेच तिला सात वर्षं शिकवतायत. १९ तारखेला मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदाची परीक्षा. निवड झाली तर तिथेच राहून शिकायचं. तिचा बाप गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तरी म्हटलं, जा बाई! मीठ-मासळीत आयुष्य काढायला एक मी पुरे.

१५ एप्रिल
उन्नती बाजारात गेली होती. चेलोची धूळ झटकायला घेतली तर ज्या काठीने ती वाजवते त्या गजाच्या केसांवर पांढरी भुकटी! मीठच. खारं वारं लोखंड खातं, तिथे घोड्याच्या केसांची काय कथा? गोड्या पाण्याने स्वच्छ धुतले. सावलीत वाळवले. वर खोबरेलाचं बोट फिरवलं. काय चकाकले!

१६ एप्रिल
मेले मी. गज तारांवर नुसता घसरतो. सूर म्हणून नाही! ती भुकटी राळ होती म्हणे, तिच्यामुळेच तार बोलते. उन्नती सरांना फोनवर सांगत होती, "माझ्याच हातनं तेल लागलं, सर. परीक्षेतून माझं नाव काढा." मी तिथेच मासे कापत होते. सगळा बाजार आवाजाने हलवणारी मी — मीच लावलं म्हणायचं सोडून खवलंच काढत बसले. सात वर्षांची मेहनत माझ्या एका बोटाने घालवली.

१७ एप्रिल
जेवण गेलं नाही. खोबरेलाचा वास तिने ओळखलाच असेल, तरी माझं ताट तिनेच वाढलं होतं.

१८ एप्रिल
सकाळीच बोईसर गाठलं. सरांच्या दारातच सांगून टाकलं — मी धुतला, मी तेल लावलं, पोरीचं नाव काढू नका! सर म्हणाले, "नाव आहे तसंच आहे. माझा गज मी तिला त्याच दिवशी देत होतो. तिने घेतला नाही. म्हणाली, निवड झाली तर आये एकटी पडेल."

सरांचा गज मागून आणलाय. उद्या पहिल्या गाडीत मीच तिला बसवणार.